काळं ऑईल आणि मागची बुशं

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या थोरल्या भावावर सलग अडीच महिने चिडलेलो होतो आणि ते त्याला एकदाही सांगितलं नाही. सांगायचं ठरवून मी निदान पंधरा वेळा त्याच्यासमोर जाऊन बसलो असेन. पंधराही वेळा चहा पिऊन उठलो. गाडी माझी, नुकसान माझं, राग माझा, आणि अवघडून बसायचं तेही मीच. तो मात्र मजेत होता. दारात आलेल्या प्रत्येकाला सांगत होता की धाकट्याची गाडी अकरा वर्षं आपण कशी सांभाळली.

आधी गाडीबद्दल सांगतो, नाहीतर माझा राग कळायचा नाही. ती दोन माणसांची स्पोर्ट्स कार आहे. हिरवी, कापडी टपाची, आणि इतकी ठेंगणी की शेजारी उसाची ट्रॉली उभी राहिली तर मला फक्त तिची चाकं दिसतात. पुण्यात नोकरीला असताना, तिशीत, जे काही साठवलं होतं ते सगळं घालून मी ती घेतली. मी तिचा तिसरा मालक. त्यानंतर लग्न झालं, मुलगी झाली, केस गेले, पण गाडी राहिली. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी मी ती पहिल्यांदा आणली तेव्हा पारावरच्या एकानं चारी बाजूंनी फिरून विचारलं होतं, ‘ह्यात ऊस किती बसतो?’ आजही गावात तिला कुणी गंभीरपणे घेत नाही. गतिरोधक आला की मला तिरकं जावं लागतं, आणि आमच्याकडचे गतिरोधक म्हणजे उसाच्या सरीचे बांध. पोरंसोरं चालत पुढे निघून जातात आणि वळून हसतात.

मस्कतची नोकरी आली तेव्हा प्रश्न पडला, गाडीचं काय करायचं. विकायला मन होईना. थोरला भाऊ, ज्याला आम्ही आण्णा म्हणतो, तो म्हणाला, ‘माझ्या शेडात लाव. ट्रॅक्टर हाय, दोन ट्रॉल्या हायत, त्यात ही एक.’ मी किल्ली दिली आणि गेलो. दोन-तीन वर्षांसाठी गेलेला माणूस अकरा वर्षांनी परत आला. अधूनमधून सुट्टीला यायचो, पण लग्नकार्यं, पाहुणेरावळे यात गाडीवरची ताडपत्री काही निघाली नाही.

कायमचा परत आलो तो दिवाळीला. आण्णानं ताडपत्री ओढली आणि लग्नातल्या अंतरपाटासारखी बाजूला धरून उभा राहिला. ‘हात लावून बघ. एक ठिपका गंज दाखव, मिशा उतरवतो.’ खरोखरच एक ठिपका नव्हता. आमच्या भागात पाटाचं पाणी, उसाची ओल आणि चार महिने पाऊस. लोखंडाचा नांगरसुद्धा इथं दोन वर्षांत लाल होतो. मी खूश झालो. आण्णाच्या पाठीवर थाप मारली. खाली वाकून बघायचं मात्र मला सुचलं नाही, कारण माझी पाठ धरली होती आणि कौतुक करायला वाकायची गरज नसते.

नवी बॅटरी टाकली, तेलपाणी बदललं, ब्रेक करून घेतले आणि गाडी रस्त्यावर काढली. पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलो आणि दहाव्या मिनिटाला मला कळलं की गाडीचं मागचं अंग माझं ऐकत नाही. मी पुढून डावीकडे वळायचो, मागचा भाग क्षणभर विचार करायचा आणि मग यायचा. ब्रेक लावला की शेपूट एका अंगाला सरकायचं. वेग धरला की दुसऱ्या अंगाला. खड्ड्यात चाक गेलं की मागून ‘टक्’ असा आवाज, म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखा. बायको शेजारी बसली होती. ती कराडपर्यंत दाराची मूठ धरून बसली, आणि कराडला उतरून म्हणाली, ‘येताना मी एसटीनं जाते.’

इथून पुढचे चार महिने मी जे भोगलं ते मला आठवलं तरी आजही दात-ओठ खावेसे वाटतात. साताऱ्याला एका मोठ्या, चकाचक वर्कशॉपमध्ये गेलो. पांढऱ्या शर्टातल्या माणसानं गाडीला फेरी मारून सांगितलं, टायर जुने आहेत. पटलं. टायर बदलले. मागचं अंग तसंच. सांगलीला गेलो. तिथल्या माणसानं गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दाबून बघितलं, कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘शॉकप गेल्यात.’ शॉकप बदलले. आता गाडी उसळायची थांबली, पण सरकायची तशीच. व्हील अलाइनमेंट तीनदा केलं. तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे आले, आणि प्रत्येकानं आधीच्याला शिव्या दिल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच. शेवटी सांगलीवाला माझ्या खांद्यावर हात ठेवून, घरात कुणी गेल्यावर बोलतात त्या आवाजात म्हणाला, ‘सायेब, गाडीचं वय झालंय. सोसायचं.’

सोसायचं! माझंही वय झालंय, म्हणून मी काय चालताना गटारीत जातो?

घरी आलो की आण्णा ओट्यावर असायचा. ‘काय म्हणाला मिस्त्री?’ मी सांगायचो. तो मान हलवायचा. ‘पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर तूच आदळली असणार आधी. माझ्याकडं हुती तवर तर ठणठणीत हुती.’ उभी होती रे बाबा ती! उभी असलेली गाडी ठणठणीतच असते. पण हे मी मनात म्हणायचो.

मलकापूरच्या मिस्त्रीचा पत्ता मला पेट्रोल पंपावर मिळाला. माणूस मूळचा आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. चोवीस वर्षं फौजेत गाड्या उघडल्या आणि निवृत्त झाल्यावर कराडला लागून मलकापुरात पत्र्याची शेड टाकून बसला. शेडमध्ये मधोमध सिमेंटचा लांब खड्डा. गाडी वर उभी करायची आणि आपण पायऱ्या उतरून खाली जायचं. त्यानं माझं पुराण ऐकून घेतलं नाही. मी ‘साताऱ्याला’ म्हणताच हात वर केला. ‘सायब, गाडी बोलंल. तुमी गप ऱ्हावा.’ हे मला कुणी आधी म्हणालं असतं तर चार महिने वाचले असते.

तो हातातली बॅटरी आणि लांब टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन खाली उतरला. मलाही बोलावलं. मागच्या चाकाला गाडीच्या अंगाशी जोडणारे लोखंडी दांडे असतात, आणि जिथं दांडा जोडला जातो तिथं रबराचं एक जाडजूड कडं असतं. मध्ये लोखंडी नळी, नळीतून बोल्ट. त्याला बुश म्हणतात. रस्त्याचे धक्के ते पितं, आणि चाकाला जागा सोडू देत नाही. मिस्त्रीनं टॉमी त्या सांध्यात घातली आणि जराशी दाबली. दांडा बोटभर सरकला. मग त्यानं नखानं रबर खरवडलं. ते रबर राहिलंच नव्हतं. फुगून बाहेर आलेलं, मऊ, चिकट, पावसाळ्यात पाणी सुटलेल्या गुळासारखं. बाकीची बुशंही तशीच. पलीकडची बाजू तशीच.

‘रबर असं मरत न्हाई,’ मिस्त्री म्हणाला. ‘वाळून मरतंय, तडकून मरतंय. ही फुगून मेलंय. तेल कोण मारतंय हिला खालनं?’

मी बॅटरीचा झोत वर फिरवला. मागचं सगळं अंग, दांडे, स्प्रिंगा, टाकीची खालची बाजू, काळंभोर आणि चकचकीत होतं. इतके दिवस मी त्याला जुना रंग समजत होतो. बोट लावलं तर बोट काळं झालं. आणि मला सगळं लख्ख कळलं.

ऊस वाहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. कारखान्याचा हंगाम संपला की ट्रॉल्या धुतात, आणि मिरगाच्या आधी इंजिनातून काढलेलं जळकं ऑईल आणि डिझेल एकत्र करून त्यांच्या खालच्या अंगाला मारतात. पाऊसभर लोखंडाला पाणी लागत नाही, दसऱ्याला ट्रॉली जशी ठेवली तशी निघते. त्या ट्रॉल्यांना खाली पाटे आणि लोखंडच लोखंड. रबर शोधून सापडायचं नाही. आण्णानं त्याच फवारणीच्या पंपानं, त्याच दिवशी, ट्रॉल्यांच्या पंगतीत माझी गाडीही बसवली होती. अकरा वर्षं. मायेनं. रबराच्या एकेका कड्याला तेल पाजून पाजून मारलं होतं.

‘आमच्या आटपाडीला असलं कोण करत न्हाई,’ मिस्त्री म्हणाला. ‘पाऊसच न्हाई, तर गंज कुठला?’

मी घरी जाताना महामार्गावर मोठमोठ्यानं भांडत गेलो. शेजारच्या रिकाम्या सीटवर आण्णाला बसवलं आणि त्याला बोललो. अरे, विचारायचंस तरी! स्पोर्ट्स कार आणि उसाची ट्रॉली यात तुला काही फरकच दिसत नाही? टायर गेले, शॉकप गेले, चार महिने गेले, बायको एसटीनं जायला लागली. कासेगावपर्यंत माझं भाषण पाठ झालं होतं. गावात शिरताना आवाजही बसला होता. आणि ओट्यावर पाहुणा बसला होता, आणि आण्णा त्याला सांगत होता, ‘अकरा वर्सं. जीवापाड. इचारा त्येलाच.’

पाहुण्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, ‘व्हय, लय सांभाळली.’

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याचा रक्तदाब वाढला होता. आठवड्यानं त्याच्या नातवाचा वाढदिवस. मग मी स्वयंपाकघरात वहिनीकडे गेलो. म्हटलं, तूच सांग त्याला, यंदा तेल मारू नको म्हणून, बाकी काही बोलू नको. वहिनीनं भाकरी थापता थापता हात थांबवला.

‘भावजी, ट्रॅक्टर इकला त्येला दोन वर्सं झाली. ट्रॉल्याबी गेल्या. ऊस आता ठेकेदाराची टोळी नेती. शेडात तुमची गाडी तेवढी ऱ्हायलीया. सकाळी उठून ह्यांनी कुठं जायाचं? शेडात जात्यात, ताडपत्री सारखी करत्यात, माघारी येत्यात. त्येवढंच काम हाय त्यास्नी. मी न्हाई सांगणार. तुमचं तुमी सांगा.’

म्हणजे आता राग आला तरी त्याला जागा उरली नाही. मला राग यायचाच, कारण मे उजाडला होता आणि आण्णानं फवारणीचा पंप धुऊन उन्हात वाळत घातला होता. गावातल्या गॅरेजमधून काळ्या ऑईलचा डबाही आणून ठेवला होता. मी नवी बुशं बसवणार आणि हा माणूस आठ दिवसांत त्यांना पहिला डोस पाजणार. मिरगाच्या आधी काही करून बोलायला हवं होतं.

बुशं मिळायची तीही तऱ्हा. या गाडीचे भाग देशात मिळत नाहीत. परदेशातून मागवले तर पहिल्या खेपेला पुढच्या चाकांची बुशं आली. ती परत पाठवायला जेवढी कागदपत्रं लागली तेवढी मला मस्कतला जायला लागली नव्हती. दरम्यान, मागची बुशं गेलीत एवढंच कळलेल्या आण्णानं मला सांगलीच्या एका लेथवाल्याकडे नेलं. लेथवाला म्हणाला, साखर कारखान्याच्या पट्ट्याचं रबर आहे माझ्याकडं, त्यातनं कापून देतो, जन्मात मरणार नाही. त्यानं एक नमुना कापून टेबलावर आपटला. दगड आपटल्यासारखा आवाज आला. आण्णाला ते भलतंच आवडलं. ‘घे की! बाहेरच्या देशातनं आणायचं आन् हितं चांगलं हाय ते सोडायचं?’ मी दात खात त्याला बाहेर काढलं. परतीच्या वाटेवर तो मला माझ्या उधळेपणाबद्दल तासभर समजावत होता, आणि माझ्या जिभेच्या टोकावर एकच वाक्य होतं. ते टोकावरच राहिलं.

मे संपता संपता दुसरं खोकं आलं. यात बरोबर बुशं होती. मी मिस्त्रीला दिवस विचारला, आणि आण्णानं ते ऐकलं.

‘मीबी येतो.’

‘आण्णा, दिवस जाईल. ऊन हाय.’

‘जाऊ दे की दिवस. मला काय हपिस हाय?’

माझ्या गाडीत बसायला तो तयार नव्हता. गुडघे एवढे खाली वाकत नाहीत म्हणाला. मग मी पुढे, आणि मागून मोटारसायकलवर आण्णा. महामार्गावर मला आरशात तो दिसत होता. माझी गाडी शेपूट हलवत चाललेली आणि त्यामागं टॉवेल गुंडाळलेला थोरला भाऊ, तिचं शेपूट निरखत. लोक बघत होते.

मिस्त्रीनं लोखंड कापायचं यंत्र आधीच काढून ठेवलं होतं. त्यानं मला सांगितलं की खरी लढाई बुशांची नसते, बोल्टची असते. एवढ्या जुन्या गाडीत बोल्ट नळीत गंजून असा धरतो की कापल्याशिवाय निघत नाही. मागच्याच महिन्यात एका गाडीचे चार बोल्ट कापायला दोन दिवस गेले. मग त्यानं गाडीचं मागचं अंग जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवलं, पहिल्या बोल्टला पाना लावला, पाय रोवून, श्वास घेऊन ओढला, आणि मागच्या मागं पडता पडता वाचला. बोल्ट लोण्यातून निघावा तसा निघाला. दुसरा तसाच. तिसरा त्यानं बोटांनी फिरवून काढला.

‘आयला,’ मिस्त्री म्हणाला. ‘कालच बसवल्यावानी हायत.’

‘त्येला तेल म्हणत्यात,’ आण्णा बाजूच्या स्टुलावरून म्हणाला. त्यानं पाय हलवायला सुरुवात केली. ‘दर साली मारतोय मी. हे आमचं बंधू. पुण्यात शिकल्यात, मस्कतला राहिल्यात. ह्यास्नी बोल्ट कसा निघाला इचारा.’

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी नजरेनं त्याला गप्प केलं. खरं सांगायचं तर त्या घटकेला मला गाडी तिथंच टाकून चालत घरी जावंसं वाटलं. ज्या तेलानं रबर खाल्लं त्याच तेलानं दोन दिवसांचं काम दोन तासांवर आणलं होतं, आणि माझ्या अडीच महिन्यांच्या भाषणात याचा कुठंच उल्लेख नव्हता. माणूस धड चुकतही नाही. चुकला तर नीट तरी चुकावं.

दांडे खाली आले. मिस्त्रीनं एकेक प्रेसमध्ये लावून जुनी बुशं दाबून बाहेर काढली. ती काळी, फुगलेली, एकाला एक चिकटणारी. त्यानं ती पत्र्यावर ओळीनं ठेवली. आण्णा स्टुलावरून उठला, एक उचललं आणि अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत गेला. त्यानं हात नाकाशी नेऊन वास घेतला. टॉवेलला पुसला. बुश परत ओळीत ठेवलं.

‘रबर एवढं मऊ कशानं झालं?’ त्यानं विचारलं.

‘सायबास्नी इचारा,’ मिस्त्री म्हणाला आणि मान फिरवून कामाला लागला.

‘जुनं झालंय, आण्णा,’ मी म्हणालो.

नवी बुशं बसवायची वेळ आली. ती घट्ट असतात, सहजी आत जात नाहीत. आण्णानं कोपऱ्यातला ग्रीसचा डबा स्वतः उचलून आणला. ‘जरा ग्रीस लावा, सरकंल.’ मिस्त्रीनं डबा त्याच्या हातातून घेऊन लांब ठेवला आणि बादलीत साबण कालवला. ‘ग्रीस न्हाई, मालक. रबराला साबणाचं पाणी. फौजेत पयल्या दिवशी शिकवत्यात.’ आण्णा परत स्टुलावर जाऊन बसला. दुपारच्या जेवणाला त्यानं अर्धीच भाकरी खाल्ली. मी विचारलं तर म्हणाला, ऊन लागलंय.

दांडे परत चढवले, बोल्ट नुसते हातानं लावले. आता मिस्त्रीनं एक गोष्ट सांगितली जी मला साताऱ्यात, सांगलीत कुणी सांगितली नव्हती. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी तिच्या स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या ओझ्यानं बसलेली असताना. चाकं हवेत लोंबत असताना आवळले तर गाडी खाली आली की रबर पिळवटतं आणि वर्षभरात फाटतं. म्हणून गाडी घोड्यांवरून उतरवून खड्ड्यावर ढकलली. ‘आन् आत माणूस पायजे,’ तो म्हणाला. ‘रोज चालवताना असतो तेवढं वजन.’

खाली बॅटरी धरायला मी हवा होतो. राहिला आण्णा.

त्याला त्या गाडीत बसवणं हा एक वेगळाच कार्यक्रम झाला. आधी पाठ, मग एक पाय, मग मिस्त्रीनं दुसरा पाय धरून वळवला. मी डोकं दाबलं. ‘आरं, मान मोडतोस का!’ तो ओरडला. एकदाचा तो आत बसला, स्टिअरिंगच्या मागं, गुडघे छातीशी. मी आणि मिस्त्री पायऱ्या उतरून खड्ड्यात गेलो. वर गाडीचं काळं पोट, आणि त्याच्या वर आण्णा. त्याचा आवाज तळाच्या पत्र्यातून खाली यायचा, जरा घुमून.

पहिला बोल्ट आवळला. दुसरा आवळला. माझ्या लक्षात आलं की हीच वेळ आहे. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, त्याला माझं दिसत नव्हतं, आणि त्याला उठून जाता येत नव्हतं. भ्याड माणसाला याहून चांगली जागा मिळायची नाही. मी बॅटरी धरूनच म्हणालो, ‘आण्णा, औंदा तेल मारू नको.’

‘का?’ वरून आवाज आला.

‘रबर जातं त्यानं. लोखंडाला चांगलं, पण रबर फुगतं.’

मिस्त्रीनं पाना थांबवला.

‘म्हंजी ही सगळं,’ आण्णा म्हणाला, ‘टायर, शॉकप, तुझ्या चकरा. माझ्यामुळं?’

मी खोटं बोलणार होतो. पण अडीच महिने तेच करून कंटाळलो होतो. ‘व्हय,’ म्हणालो.

मला वाटलं आता तो चिडेल, नाहीतर रडेल, नाहीतर बोल्ट कसे निघाले ते काढेल. त्यातलं काहीच झालं नाही. तो साध्या आवाजात म्हणाला, एखादी तारीख विचारावी तसा:

‘मग तू दर साली व्हय का म्हणत हुतास?’

‘कवा?’

‘फोनवर. मिरगाच्या आधी फोन करायचो की रं तुला. ट्रॉल्या हुत्या तवर म्हणायचो, ट्रॉल्यास्नी तेल मारतोय, तुझ्या गाडीला मारू का? का नको? त्या गेल्यावरबी इचारायचो. हिचं येगळं असंल, म्हणून इचारायचो. तू म्हणायचास, व्हय आण्णा, मार, चालंल. अकरा येळा इचारलं. न्हाई म्हणला असतास तर हात लावला नसता.’

मला ते फोन आठवले. नेमके शब्द नाही, फोन आठवले. जूनच्या सुरुवातीला, कामाच्या ऐन वेळेला यायचे. स्क्रीनवर आण्णाचं नाव दिसलं की मी लिफ्टकडे चालू लागायचो, आणि दुसरा हात लॅपटॉपच्या बॅगेत असायचा. पलीकडून पाऊस, ऊस, कारखाना, ट्रॉल्या असं काहीबाही यायचं. मी दर दोन वाक्यांना व्हय म्हणायचो, चालंल म्हणायचो, आणि बैठक आहे म्हणून ठेवायचो. मनात म्हणायचो, याला दुसरा उद्योग नाही. तो काय विचारतोय हे मी एकदाही ऐकलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की तो खड्डा आणखी खोल असता तर बरं झालं असतं.

मिस्त्रीनं माझ्याकडं न बघता उरलेले बोल्ट आवळले. ‘झालं, सायब,’ म्हणाला आणि पाने गोळा करायला लागला.

‘मग औंदा काय करू?’ वरून आण्णानं विचारलं. तो उत्तराची वाट बघत होता.

मी पायऱ्या चढून वर आलो, दार उघडलं आणि त्याच्या शेजारी उकिडवा बसलो, म्हणजे माझं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता.

‘औंदा न्हाई मारायचं, आण्णा,’ मी म्हणालो.

त्यानं मान हलवली.

‘बरं झालं इचारलं,’ तो म्हणाला.